उष्णकटिबंधातील थंड पठारे : बोगोटा आणि लंडन एकाच हवामानगटात कसे?

पठारवाट (धागाकर्ती)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि सध्या आमच्याकडे हवामानाच्या वर्गीकरणाचा घटक चालू आहे. हवामानतज्ज्ञ व्लादिमीर कोपेन यांच्या पद्धतीने रंगवलेला जगाचा नकाशा वर्गात लावला की कोणीतरी विद्यार्थी हमखास दक्षिण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्याकडे बोट दाखवतो. विषुववृत्तालगतच्या निळ्या पट्ट्यात तिथे हिरव्या रंगाची एक बारीक, तुटक रेघ दिसते आणि तोच हिरवा रंग पश्चिम युरोपावर मात्र ऐसपैस पसरलेला असतो. म्हणजे विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर आणि २,६४० मीटर उंचीवर वसलेले बोगोटा (कोलंबियाची राजधानी) हे ५१ अंश उत्तर अक्षांशावरच्या लंडनच्या पंक्तीला जाऊन बसते. दोन्ही शहरांच्या गटाचे नाव एकच, सी-एफ-बी (Cfb), म्हणजे कोरडा ऋतू आणि कडक उन्हाळा नसलेले सौम्य हवामान. हे ‘उंचीमुळे थंड’ एवढ्या दोन शब्दांत उरकणे मला पटत नाही, कारण या दोन ठिकाणी राहणाऱ्या माणसाला किंवा वाढणाऱ्या झाडाला वर्षभरात येणारा अनुभव अगदी वेगळा असणार, हे उघड आहे.

दुसरी अडचण गणिताची आहे. पाठ्यपुस्तकात दर १,००० मीटरला सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने तापमान घटते असे दिलेले असते. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला सरासरी २७ अंश धरले, तर २,८५० मीटरवरच्या कीटोचे (इक्वेडोरची राजधानी) सरासरी तापमान साडेआठ अंशांच्या आसपास यायला हवे. प्रत्यक्षात ते १४ ते १५ अंशांच्या दरम्यान आहे. सहा अंशांचा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे या थंड पट्ट्यांच्या सीमा नेमक्या कुठे मानायच्या, याबद्दल प्रत्येक पुस्तक वेगळा आकडा देते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

वातकुक्कुट

आपला प्रश्न फार चांगला आहे आणि गणिताची अडचण आपण नेमकी पकडली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

६.५ अंश हा आकडा प्रमाणित वातावरणाचा, म्हणजे मध्यम अक्षांशांवरची स्थिती डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेला सरासरी आकडा आहे. कोरडी हवा वर चढते तेव्हा प्रसरण पावून दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. हवा बाष्पाने संपृक्त असेल तर वर जाताना बाष्पाचे पाणी होते, त्यातून सुप्त उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. तो किती मंदावेल हे बाष्पाच्या प्रमाणावर ठरते, आणि उष्णकटिबंधातील तळच्या हवेत बाष्प भरपूर असल्याने तिथे संपृक्त हवेचा दर किलोमीटरमागे ४ अंशांपर्यंत खाली येतो. खुल्या वातावरणात समुद्रसपाटीपासून शून्य अंशाच्या पातळीपर्यंतची सरासरी काढली, तर उष्णकटिबंधात ती साडेपाच अंशांच्या जवळपास भरते. हा दर वापरला तर कीटोच्या उंचीला साडेअकरा अंश येतात.

उरलेले सुमारे तीन अंश जमिनीचे आहेत. आपण मोजतो ते तापमान अधांतरी तरंगणाऱ्या हवेचे नसून अँडीजच्या दोन रांगांमधल्या रुंद, उंच खोऱ्याच्या तळाजवळचे आहे. डोक्यावरून जाणारा सूर्य ही जमीन दिवसभर तापवतो आणि जमीन आपल्या अंगावरची हवा तापवते. त्याच उंचीवरचा एखादा सुटा, टोकदार डोंगर घेतला तर त्याच्या माथ्यावर एवढी ऊब सापडत नाही, कारण तिथे वारा सतत बाजूची थंड हवा आणून मिसळत असतो. डोंगराचा पसारा जितका मोठा, तितके त्याच्यावरचे हवामानाचे आणि वनस्पतींचे पट्टे वर सरकतात. आपल्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग यातच आहे.

आता बोगोटा आणि लंडन. लंडनमध्ये जानेवारीची सरासरी ५ ते ६ अंश आणि जुलैची १८ ते १९ अंश असते, म्हणजे वार्षिक तापमानकक्षा साधारण १३ अंश. बोगोटाला सगळे बारा महिने १३ ते १४ अंशांच्या आसपास घुटमळतात आणि कीटोच्या महिन्यांच्या सरासरीतही जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. पण कीटोला एकाच दिवसात पहाटेच्या १० अंशांपासून दुपारच्या २० अंशांपर्यंतचा प्रवास होतो. वार्षिक तापमानकक्षा एक अंश आणि दैनिक तापमानकक्षा दहा अंश, ही उष्णकटिबंधातील उंच प्रदेशांची खरी ओळख आहे. कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञांनी हवामानाचे ऋतुप्रधान आणि दिनप्रधान असे दोन प्रकार केले, ते याच कारणासाठी. वर्गात शिकवताना मी असतो तर नकाशाआधी हे दोन आकडे फळ्यावर लिहिले असते.

कोपेन यांच्या पद्धतीत मात्र या फरकाला जागा नाही. त्यांची अट अशी की सर्वांत थंड महिना १८ अंशांच्या खाली गेला की ठिकाण उष्णकटिबंधीय गटातून बाहेर पडते. सर्वांत उष्ण महिना २२ अंशांच्या खाली राहिला, निदान चार महिने १० अंशांच्या वर राहिले आणि कोरडा ऋतू नसला की सी-एफ-बी हा शिक्का बसतो. लंडन या अटी उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही अनुभवून पूर्ण करते, तर बोगोटा दोन्हींपैकी एकही न अनुभवता. पुढच्या काही अभ्यासकांनी उंच पर्वतांसाठी ‘एच’ असा स्वतंत्र गट केला, पण त्यात हिमालय, आल्प्स आणि अँडीज सरसकट एकत्र येत असल्याने आपला प्रश्न त्यानेही सुटत नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती पुस्तकांत क्वचितच येते. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या परिवलनाचा हवेवरचा परिणाम क्षीण असतो, त्यामुळे वरच्या हवेत तापमानाचा आडवा फरक टिकून राहत नाही आणि तो झपाट्याने वाटला जातो. परिणामी शून्य अंशाची पातळी अँडीजवर, पूर्व आफ्रिकेच्या पर्वतांवर आणि न्यू गिनीवर जवळपास सारख्याच उंचीला, साधारण ४,८०० ते ५,००० मीटरवर सापडते आणि वर्षभरात फारशी हलत नाही. मध्यम अक्षांशांत हीच पातळी हिवाळ्यात जमिनीला टेकते आणि उन्हाळ्यात तीन-चार हजार मीटर वर जाते. म्हणून उष्णकटिबंधातील डोंगरावर हवामानाचे पट्टे खरोखर ‘पट्टे’ असतात, कारण ते जागचे हलत नाहीत.

---

पठारवाट

मनःपूर्वक आभार. गणित आता नीट बसले. एक शंका राहते. पर्यटनाच्या माहितीत अशा शहरांना ‘चिरंतन वसंत ऋतूचे शहर’ म्हणतात आणि विद्यार्थीही उत्तरात तसेच लिहितात. दैनिक तापमानकक्षा एवढी मोठी असेल तर हे वर्णन कितपत बरोबर आहे? आणि ऋतूच नसतील तर समशीतोष्ण प्रदेशातली पिके तिथे कशी येतात?

---

पर्णरेषा

मी वनस्पतिशास्त्राच्या बाजूने लिहिते.

पंधराशे ते दोन हजार मीटरपर्यंत ते वर्णन एक वेळ चालून जाईल, पण जसजसे वर जावे तसतसे ते झाडांच्या बाबतीत उघड चुकीचे ठरते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ ऊलोव हेडबेर्ग यांनी पूर्व आफ्रिकेच्या उंच पर्वतांबद्दल सांगितले होते की तिथे रोज दिवसा उन्हाळा असतो आणि रोज रात्री हिवाळा. ४,००० मीटरच्या वर हे अक्षरशः खरे आहे. आल्प्समधले झाड शरद ऋतूत हळूहळू थंडीची तयारी करते, पाने गाळते, कळ्या बंद करते आणि पुढचे सहा महिने निजून राहते. केनिया पर्वतावरच्या झाडाला ही सवलत नाही. त्याला दुपारी प्रखर उन्हात अन्न तयार करायचे असते आणि त्याच रात्री गोठण्यापासून कोंब वाचवायचा असतो, आणि असे वर्षातल्या कोणत्याही रात्री घडू शकते.

त्यासाठी या झाडांनी काढलेला मार्ग जवळून पाहण्यासारखा आहे. केनिया पर्वतावरच्या लोबेलिया नावाच्या एका झाडाची पाने जमिनीलगत दाट चक्राकार रचलेली असतात आणि त्यांच्या बेचक्यांत पाणी साठते. रात्री या पाण्याच्या वरच्या थरावर बर्फाची पापडी धरते, पण तिच्याखालचे पाणी द्रव राहते आणि त्यात बुडालेला कोवळा कोंब शून्य अंशाच्या खाली जात नाही, कारण पाणी गोठताना उष्णता सोडत असते. शेजारीच उभ्या असलेल्या डेंड्रोसेनेसियो या झाडाची तऱ्हा निराळी आहे. त्याची मोठाली पाने संध्याकाळी आत मिटून कोंबाभोवती गोळा होतात, आणि जुनी वाळकी पाने गळून न पडता खोडाला जाड अस्तरासारखी चिकटून राहतात. व्हेनेझुएलाच्या अँडीजमध्ये, पारामो नावाच्या उंच गवताळ प्रदेशातल्या एस्पेलेशिया या झाडावर असा प्रयोग झाला आहे की वाळक्या पानांचे हे आवरण काढून टाकायचे आणि काय होते ते पाहायचे. आवरण गमावलेल्या झाडांची खोडे रात्री पार थंड पडली आणि पुष्कळशी झाडे दगावली. खोडाच्या गाभ्यात पाण्याचा साठा असतो. तो रात्री गोठला तर सकाळी ऊन पडल्यावर पानांतून पाणी उडू लागते, पण खालून भरपाई होत नाही आणि झाड उन्हात उभे असतानाच पाण्यावाचून सुकते.

एस्पेलेशिया सूर्यफुलाच्या कुळातली, डेंड्रोसेनेसियोही त्याच कुळातली पण दूरची नातेवाईक, आणि लोबेलिया वेगळ्याच कुळातली. अटलांटिक महासागराच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांशी संबंध नसताना, तीच ठेवण पुन्हा पुन्हा तयार झाली. रोजच्या गोठण्यावितळण्याचे हवामान सजीवांना किती ठाम वळण लावते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मातीवरही तोच परिणाम होतो. ओलसर मातीत रात्री बर्फाच्या बारीक सुया उभ्या राहतात, वरचा थर उचलतात आणि सकाळी वितळून तो खाली सोडतात. रोज उलथणाऱ्या अशा जमिनीत बी रुजणे अवघड होते, म्हणून तिथे उघड्या मातीचे पट्टे दिसतात.

आता पिकांविषयी. सफरचंदाचे उदाहरण विद्यार्थ्यांना नक्की सांगा. सफरचंदाच्या कळ्या नीट फुटण्यासाठी काही शे तास थंडी लागते आणि ती थंडी सलग ऋतूच्या रूपात यावी लागते. पूर्व जावातल्या बाटू परिसरात, सुमारे हजार मीटरच्या आसपास, सफरचंदाच्या बागा आहेत आणि तिथे असा हिवाळा कधीच नसतो. तिथले बागायतदार फळे काढून झाल्यावर झाडांची पाने हाताने ओरबाडून काढतात. झाड खोल विश्रांतीत जाण्याआधीच पाने गेल्यामुळे कळ्या पुन्हा फुटतात, आणि एका वर्षात दोन बहार घेता येतात. जो ऋतू निसर्गात नाही, त्याची जागा माणसाच्या हाताने घेतली आहे.

अरेबिका कॉफीची गोष्ट याच्या उलट आहे. ती मुळात नैर्ऋत्य इथिओपियाच्या उंच जंगलांतली असल्याने तिला १८ ते २२ अंशांची वार्षिक सरासरी मानवते आणि दहिवर अजिबात सोसत नाही. मोठी दैनिक तापमानकक्षा पण गोठणारी रात्र नाही, असा जो मधला पट्टा असतो तो तिचा. बटाटा आणखी वरचा. टिटिकाका सरोवराच्या परिसरात, ३,८०० मीटरच्या आसपास, लोकांनी रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीचाच उपयोग करून घेतला : बटाटे उघड्यावर पसरायचे, रात्री गोठू द्यायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे. ‘चुन्यो’ म्हणून ओळखले जाणारे हे बटाटे वर्षानुवर्षे टिकतात. दिवसा कडक ऊन आणि रात्री गोठणारी हवा हे दोन्ही एकाच जागी मिळाल्याशिवाय हे जमत नाही.

---

वातकुक्कुट

पर्णरेषा यांच्या शेवटच्या उदाहरणाला एक पुरवणी जोडतो, नाहीतर गैरसमज होईल. चुन्यो वर्षात केव्हाही करता येत नाही. तो मे ते जुलै या कोरड्या महिन्यांत होतो. टिटिकाका सरोवर १६ अंश दक्षिणेला आहे. विषुववृत्तापासून इतके दूर गेल्यावर पाऊस आणि कोरड यांचा ऋतू स्पष्ट होतो आणि त्याच्या मागोमाग तापमानाचाही थोडासा ऋतू येतो. म्हणून विषुववृत्तालगतचे उंच प्रदेश आणि उष्णकटिबंधाच्या कडेचे उंच प्रदेश यांत फरक करावा, असे मला वाटते. ९ अंश उत्तरेवरच्या, सुमारे २,३५० मीटर उंचीच्या अदिस अबाबात तर क्रम उलटा दिसतो. तिथे सूर्य माथ्यावर असणारे जुलै-ऑगस्ट हे महिने ढग आणि पावसामुळे गार असतात आणि पावसाआधीचे मार्च ते मे हे महिने सर्वांत उबदार.

याच संदर्भात दहिवराबद्दलही लिहिले पाहिजे, कारण उंच प्रदेशांतल्या शेतीला खरा धोका त्याचा असतो आणि तो कोरड्या हवेतून येतो. उंचीवर डोक्यावरच्या हवेत बाष्प कमी असते, त्यामुळे रात्री जमिनीतून निघालेली उष्णता अडून परत येत नाही. ढग असले तर ते थोडीफार उष्णता परतवतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन वेगाने निवते. जड झालेली थंड हवा उतारावरून घसरत खोलगट जागी साचते आणि खोऱ्याच्या तळाशी तापमान उतारापेक्षा कमी होते, यालाच आपण तापमानाची विपरीतता म्हणतो. बोगोटाभोवतालच्या सपाट पठारावर डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या काळात फुलांच्या आणि बटाट्याच्या शेतीला असेच दहिवर लागते, मग सरासरी तापमान १३-१४ अंश का असेना.

न्यू गिनीच्या उंच प्रदेशात याचे तीव्र रूप दिसते. एल निनोच्या काळात तिथे पाऊस हटतो, आकाश निरभ्र होते, आणि २,२०० मीटरच्या वरची रताळ्याची शेते एकापाठोपाठ एक रात्री गोठतात. १९७२, १९९७ आणि २०१५ या वर्षी हेच झाले. म्हणजे दुष्काळ आणि गोठण हे दोन्ही एकाच कारणाने, एकाच वेळी येतात. तिथल्या एंगा भागातले शेतकरी रताळी सपाट जमिनीत न लावता गवतपाला पुरून रचलेल्या मोठ्या गोल ढिगांवर लावतात. कुजणाऱ्या पाल्यामुळे ढीग आतून उबदार राहतो आणि माथ्यावरची लागवड खाली साचणाऱ्या थंड हवेच्या वर राहते. रताळे हे मूळचे उबदार हवामानाचे पीक. ते एवढ्या उंचीवर टिकते यात या ढिगांचा वाटा मोठा आहे.

---

जुनी वही

सीमांच्या आकड्यांबद्दल थोडे लिहितो, कारण पठारवाट यांचा तिसरा प्रश्न अर्धाच सुटला आहे.

उंचीनुसार पट्टे पाडण्याचे श्रेय बहुतेक पुस्तकांत एकट्या अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञांना दिले जाते. त्यांनी १८०२ मध्ये आपले सहप्रवासी, वनस्पतिशास्त्रज्ञ बोंप्लाँ यांच्यासह इक्वेडोरमधला चिंबोराझो पर्वत चढण्याचा प्रयत्न केला आणि १८०७ मध्ये पर्वताच्या छेदावर वनस्पतींची नावे उंचीनुसार मांडलेले ते विख्यात चित्र प्रसिद्ध केले. ते चित्र थोरच आहे. पण त्याच वर्षांत कोलंबियातल्या पोपायानचे फ्रान्सिस्को होसे दे काल्दास हेही अँडीजमध्ये पिकांच्या उंचीच्या सीमा मोजत होते, आणि पाणी किती तापमानाला उकळते यावरून उंची काढण्याची पद्धत त्यांनी स्वतंत्रपणे बसवली होती. दोघांची भेटही झाली होती. काल्दास यांना १८१६ मध्ये स्वातंत्र्ययुद्धात स्पॅनिश फौजेने गोळ्या घातल्या. कोलंबियात आजही शिकवली जाणारी विभागणी, म्हणजे १,००० मीटरपर्यंत उष्ण, २,००० पर्यंत मध्यम, ३,००० पर्यंत थंड आणि त्याच्या वर पारामो, ही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

इथिओपियात अशी विभागणी शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या व्यवहारात आहे. सर्वांत खालचा उष्ण, कोरडा भाग बेरेहा. त्याच्या वर सुमारे १,५०० मीटरपर्यंत कोल्ला. मग २,३०० च्या आसपासपर्यंत वोइना देगा. ३,२०० पर्यंत देगा. आणि त्याहून वर वुर्च. शेतकऱ्याला या सीमा मीटरमध्ये सांगाव्या लागत नाहीत. ज्वारी चांगली येते तो कोल्ला, तेफ (बारीक दाण्याचे स्थानिक धान्य) आणि मका येतो तो वोइना देगा, सातू, गहू आणि कडधान्ये येतात तो देगा, आणि सातूवाचून दुसरे फारसे काही येत नाही तो वुर्च. पाऊस जास्त असलेल्या बाजूला आणि कोरड्या बाजूला हीच पिके वेगवेगळ्या उंचीला येतात, त्यामुळे सीमाही खालीवर होते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. पुस्तकातले आकडे वेगवेगळे असण्याचे कारण नेमके हेच आहे : प्रत्येक आकडा कोणत्या तरी एका डोंगराच्या एका बाजूचा आहे. वातकुक्कुट यांनी सांगितलेला डोंगराच्या पसाऱ्याचा परिणाम, ढगांच्या थराची उंची आणि पावसाची बाजू या तीन गोष्टी विद्यार्थ्यांना कळल्या, तर आकडे पाठ करण्याची गरज उरत नाही. समुद्रातल्या लहान, एकट्या डोंगरावर हजार मीटरच्या आतच शेवाळाने लगडलेले मेघवन लागते. मोठ्या पर्वतरांगेत त्याच स्वरूपाचे वन दोन-अडीच हजार मीटरवर असते.

वृक्षरेषेचे, म्हणजे वने जिथे संपतात त्या सीमेचे, मात्र तसे नाही. तिच्यामागे जगभर एक समान अट दिसते, ती म्हणजे वाढीच्या हंगामाची सरासरी ६ ते ७ अंश असणे. फरक एवढाच की आल्प्समध्ये हा हंगाम काही महिन्यांचा असतो आणि विषुववृत्तावर बारा महिन्यांचा.

---

पठारवाट

ही चर्चा एवढी भरीव होईल असे वाटले नव्हते. आता शेवटचा प्रश्न विचारते. हे पट्टे वर्षभर जागचे हलत नाहीत, असे वर आले आहे. मग सरासरी तापमान वाढत असताना त्यांचे काय होते? मध्यम अक्षांशांपेक्षा इथे परिणाम जास्त होतो की कमी? आकड्यांत पाहिले तर उष्णकटिबंधातील तापमानवाढ ध्रुवांकडच्या वाढीपेक्षा कमीच आहे.

---

पर्णरेषा

आकडा कमी असला तरी परिणाम जास्त होऊ शकतो, आणि त्याचे कारण पट्ट्यांच्या स्थिरपणातच आहे. अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला. मध्यम अक्षांशांत दरीतल्या हिवाळ्याचे तापमान आणि शिखरावरच्या उन्हाळ्याचे तापमान एकमेकांत मिसळते, म्हणून दरीतला प्राणी योग्य ऋतूत घाट ओलांडू शकतो आणि वर्षभरात बऱ्याच मोठ्या फरकाला सरावलेला असतो. उष्णकटिबंधात दरी नेहमीच उबदार आणि घाटमाथा नेहमीच थंड. मधल्या पट्ट्यातल्या जिवाला त्याच्या पट्ट्याबाहेरचे तापमान आयुष्यात भेटतच नाही, म्हणून तेवढ्याच उंचीचा घाट त्याच्यासाठी फार मोठा अडसर ठरतो. या कारणाने तिथे प्रजाती भरपूर आहेत, प्रत्येकीचा पट्टा अरुंद आहे, आणि त्याच कारणाने दोन-तीन अंशांची वाढही त्यांना जड जाते. उत्तरेकडे सरकून उपयोग नसतो, कारण शेकडो किलोमीटर गेले तरी तापमान तेच राहते. वाट एकच, वरची; आणि वर गेल्यावर जागा कमी होत जाते. पेरूमधल्या पान्तियाकोया या कमी उंचीच्या कड्यावर १९८५ मध्ये पक्ष्यांची नोंद झाली होती; २०१७ मध्ये तीच पाहणी पुन्हा केली तेव्हा बहुतेक प्रजाती वर सरकलेल्या आढळल्या आणि माथ्यावर राहणाऱ्यांपैकी काही सापडल्याच नाहीत.

हुम्बोल्ट यांच्या चित्राचीही अशी फेरतपासणी झाली आहे आणि ती वर्गात सांगण्याजोगी आहे. २०१२ मध्ये संशोधक चिंबोराझोवर गेले आणि वनस्पतींच्या सीमा ५०० मीटरहून अधिक वर सरकल्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१९ मध्ये इतर अभ्यासकांनी हुम्बोल्ट यांच्या मूळ नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की चित्र चिंबोराझोचे असले तरी उंचावरच्या बऱ्याच वनस्पती प्रत्यक्षात आन्तिसाना या दुसऱ्या पर्वतावर गोळा केलेल्या होत्या. आन्तिसानाशी तुलना केल्यावर सरकण्याचा आकडा साधारण २१५ ते २६६ मीटर आला. दिशा तीच राहिली, प्रमाण निम्म्यावर आले. दोनशे वर्षांपूर्वीची नोंद कुठल्या जागेची आहे हे तपासल्याशिवाय तुलना करू नये, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

---

वातकुक्कुट

माणसाच्या बाजूने दोन मुद्दे जोडतो. पहिला हिवतापाचा. हिवतापाच्या फाल्सिपॅरम या परजीवीची डासाच्या शरीरात पूर्ण वाढ व्हायला २५ अंशांना सुमारे १२ दिवस लागतात, २० अंशांना जवळपास २८, आणि १८ अंशांना दीड महिन्याहून अधिक. एवढा काळ डास सहसा जगत नाही, म्हणून साधारण १८ अंशांच्या रेषेवर हिवताप थांबतो. इथिओपिया, केनिया आणि कोलंबियातील दाट लोकवस्ती उंचावर असण्याची कारणे अनेक आहेत, सुपीक जमीन हे त्यांतले एक. पण हिवतापापासून मिळणारे संरक्षण हेही तितकेच खरे. १८ अंशांवरून २० अंशांवर गेले की परजीवीचा काळ निम्मा होतो, हे वरच्या आकड्यांवरून दिसतेच. इथिओपिया आणि कोलंबियातल्या नोंदींवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्त उबदार वर्षांत हिवताप अधिक उंचावर चढतो आणि थंड वर्षांत खाली उतरतो, असे दिसले आहे. वर राहणाऱ्या लोकांत या रोगाची प्रतिकारशक्ती नसल्याने तिथली साथ जास्त घातक ठरते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. बोगोटाला लागणाऱ्या पाण्यापैकी मोठा हिस्सा चिंगासा या पारामोतून येतो. तिथली सेंद्रिय पदार्थांनी भरलेली काळी माती पाऊस आणि धुक्याचे पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते. ही माती तयार होते ती थंडीमुळे कुजण्याची क्रिया मंद असल्यामुळे. पाऊस कमी पडून तिथली धरणे आटली, तेव्हा एप्रिल २०२४ पासून वर्षभर बोगोटात पाळीपाळीने पाणी बंद ठेवावे लागले. त्या टंचाईचे तात्कालिक कारण एल निनोमुळे हटलेला पाऊस हे होते. तापमान वाढून मातीतला हा साठा झपाट्याने कुजू लागला, तर नेहमीच्या पावसाच्या वर्षांतही पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटेल. त्यामुळे बोगोटाच्या परिसरात पारामोतल्या शेती, गुरे आणि खाणकामावर येणाऱ्या मर्यादांचा प्रश्न हवामानाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. कोलंबियात त्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे.